फिरकी धरणाऱ्या बायकांनी समुद्रावर पतंग उडवावा का?

फिरकीवाली, दांडिया बाजार: वासी उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या अगाशीवर सगळ्या पुरुषांच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या. माझ्या बोटावर आजवर मांज्याचा एक काप नाही, कारण 39 वर्षं मी उडवणाऱ्याच्या मागे मांज्याची फिरकीच धरली. म्हणून गेल्या वर्षी रामेश्वरमला जाऊन काइटसर्फिंग शिकले, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीनं फळीवर उभं राहून समुद्रावर सरकायचं. शिकणाऱ्यांत बाई मी एकटी. आपल्या मुलींना याकडे मुद्दाम वळवायला हवं. ‘हातात जोर लागतो’ हे झूट आहे. पतंगाची ओढ कमरेच्या पट्ट्यावर, म्हणजे हार्नेसवर येते, हातांनी बार (दोऱ्यांचा दांडा) फक्त वळवायचा. वजन कमी असेल तर पतंगही लहान पुरतो. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये (2024) हा खेळ पहिल्यांदाच आला, शर्यती मार्सेयला झाल्या. बायकांचं पहिलं सुवर्ण ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिजनं नेलं.

रावपुऱ्याचा बाळू: ताई, कौतुक आहेच. पण बडोद्यात समुद्र कुठाय? आपल्या वाड्यात पोहता येणाऱ्या बायका मोजा आधी. आमच्या जवळच्या तरणतलावावर बायकांची वेळ दुपारी तीनची, म्हणजे नोकरीवाल्या बादच. आधी ती वेळ बदलून घ्या. पतंग, बार, हार्नेस, बोर्ड सगळं विकत घेतलं तर लाखाच्या वर जातं. पैसेवाल्यांचा नाद आहे हा, त्याला स्त्री-प्रोत्साहनाचं लेबल कशाला?

फिरकीवाली: वेळेचं शंभर टक्के खरं, अर्ज लिहा, पहिली सही माझी. पण बाळूदादा, घरात बुलेट आली तेव्हा हा हिशेब कोणी मांडला होता का? आणि शिकताना सामान शिकवणाऱ्यांचंच असतं.

एक आई, वाघोडिया रोड: मला खेळाशी भांडण नाही. पण जानेवारी 2024 मध्ये हरणी तलावात सहलीची बोट उलटली, शाळेची पोरं गेली. तेव्हापासून मी लेकीला आजवा तलावावरसुद्धा पाण्याच्या कडेला जाऊ देत नाही. तुम्ही समुद्राचं सांगताय.

फिरकीवाली: काकू, यावर मी काय बोलू? तिथे पहिला दिवस वाळूवरच गेला, एवढं सांगते. छोटा पतंग, आणि क्विक रिलीज, म्हणजे पतंगाची ओढ झटकन सोडवायचा खटका, डोळे मिटून चाचपायचा, ढकलायचा. दहादा, वीसदा. तो सुटला की पतंगातला जोरच जातो, पण दोरीनं तो आपल्याशी बांधलेला राहतो, कापलेल्या पतंगासारखं ‘काप्यो छे’ होत नाही. नंतर कमरेइतक्या पाण्यात. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर पतंग उघडायचाच नाही.

मांजलपूरकरीण: माझा विरोध वेगळाच. परवा कोणीतरी ‘फक्त बायकांचं शिबिर’ म्हणत होतं. नको! पुन्हा आपली पंगत वेगळी. वारा काय बाई-पुरुष बघून वाहतो?

फिरकीवाली: नाही पटत. अंगाला चिकटलेल्या ओल्या कपड्यांत, नाकातोंडात खारं पाणी, आणि किनाऱ्यावर आठ पुरुष बघतायत. दुसऱ्यांदा उठायला किती वेळ लागतो ते मी अनुभवलंय. पहिले दोन दिवस बायका-बायका, मग खुशाल मिसळा.

रावपुऱ्याचा बाळू: बरं, आमची ही विचारतेय, 82 किलोला पतंग ओढेल का?

फिरकीवाली: ओढेल की, मोठा घ्यायचा. वहिनींना पोहता येतं का?

रावपुऱ्याचा बाळू: येतं म्हणे. लग्नाआधी चांदोदला नर्मदेत पोहायची. मला आज कळतंय.