मदत हवी आहे: एसएटी तीनदा दिली, आता कोणते गुण पाठवावेत?

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी बारावीत आहे आणि तिने एसएटी (अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीची परीक्षा) तीनदा दिली आहे. मार्चमध्ये तिला वाचन-लेखनात ६९० व गणितात ७२०, ऑगस्टमध्ये ६६० व ७८०, तर ऑक्टोबरमध्ये ७२० व ७५० गुण मिळाले. म्हणजे एका बैठकीतली सर्वांत मोठी बेरीज १४७० होते. मात्र जी विद्यापीठे 'सुपरस्कोअर' धरतात, म्हणजे प्रत्येक विभागाचे सर्वाधिक गुण वेगवेगळ्या तारखांमधून घेऊन बेरीज करतात, त्यांच्या लेखी तीच मुलगी १५०० ची ठरते.

जॉर्जिया टेक हे विद्यापीठ सुपरस्कोअर धरते, त्यामुळे तिथे ऑगस्ट आणि ऑक्टोबर या दोन बैठकी पाठवल्या की काम भागते. (नुसते गणिताचे ७८० पाठवता येत नाहीत; ज्या दिवसाचे गुण पाठवायचे त्या दिवसाचे दोन्ही विभाग जातात.) कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी हे गुण पाहतच नाही. अडचण आहे ती जॉर्जटाउन विद्यापीठाची, कारण त्यांना दिलेल्या सर्व परीक्षांचे गुण हवे असतात.

शुल्क घेऊन सल्ला देणाऱ्या एका गृहस्थांनी 'मार्च-ऑगस्ट दाखवूच नका, कोण तपासायला बसले आहे?' असे सांगितले. कोणत्या तारखा पाठवायच्या हे निवडण्याची सोय ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने दिली आहे हे खरे. पण विद्यापीठाने स्पष्ट शब्दांत सर्व गुण मागितले असताना त्या सोयीचा आडोसा घेणे मला पटत नाही, आणि मुलीला तर मुळीच नाही.

तेव्हा माझे प्रश्न असे. ज्यांच्या मुलांनी जॉर्जटाउनला सगळे गुण पाठवले, त्यांना मधल्या घसरणीविषयी अर्जात खुलासा करावासा वाटला का? ऑगस्टमध्ये वाचन-लेखनाच्या पहिल्या मॉड्यूलमध्येच (म्हणजे त्या विभागाच्या पहिल्या भागातच) तिचे वेळेचे गणित चुकले आणि शेवटचे चार प्रश्न अंदाजाने सोडवले गेले, एवढेच कारण आहे. ते लिहिले तर रडगाणे वाटेल अशी मला भीती वाटते. दुसरे असे की डिसेंबरमध्ये चौथ्यांदा बसावे का? आमच्या वेळी बारावीला पुन्हा बसणाऱ्याबद्दल नातेवाईक हलक्या आवाजात बोलत, त्यामुळे चार हा आकडा मलाच उगीच मोठा वाटत असेल. परंतु वीस-तीस गुणांसाठी तिचे निबंधांचे तीन आठवडे खर्ची घालणे कितपत शहाणपणाचे, हे अनुभवी पालकांनी कृपया सांगावे.