गुलामगिरी असूनही संघराज्यातच राहिलेली राज्यं: तक्त्यात तारीख कोणती लिहायची?

तक्तेवाला
अमेरिकेतल्या यादवी युद्धावर मराठी लेख तयार होतोय. त्यात डेलावेअर, मेरिलँड, केंटकी आणि मिझुरी यांचा एक तक्ता द्यायचा आहे. 'गुलामगिरी कधी संपली' या रकान्यात सध्या चारही ओळींत १ जानेवारी १८६३ आहे, म्हणजे अध्यक्ष लिंकनच्या, गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याची तारीख. पण केंटकीसाठी कुठे १८६५ सापडतं, कुठे चक्क १९७६! बरोबर काय? शिवाय 'सीमावर्ती राज्ये' हा शब्द चालेल का?

दप्तरदार
चारही तारखा खोडा. जाहीरनामा या राज्यांना लागूच नव्हता.

लिंकनने तो सरसेनापती म्हणून, युद्धकाळातल्या अधिकारात काढला. शत्रूचं बळ तोडायचं, म्हणून संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेकडच्या बंडखोर भागातले गुलाम मुक्त. ही चार राज्यं बंडात गेलीच नव्हती, त्यामुळे तिथे तो आधार टिकत नव्हता. मालकाचा हक्क राज्याच्या कायद्याने जसाच्या तसा उभा होता. म्हणजे जिथे लिंकनची सत्ता चालत होती तिथले गुलाम गुलामच राहिले. हा विरोधाभास लेखात एका वाक्यात तरी यायलाच हवा, नाहीतर वाचकाला पुढचं काही कळणार नाही.

आता तारखा. मेरिलँड: १ नोव्हेंबर १८६४, राज्याची नवी घटना लागू झाली तो दिवस. मिझुरी: ११ जानेवारी १८६५, राज्याच्या घटना परिषदेचा ठराव. केंटकी आणि डेलावेअरने स्वतःहून काहीच केलं नाही. तिथे देशभर गुलामगिरी बंद करणारी १३वी घटनादुरुस्ती लागेपर्यंत गुलामगिरी कायदेशीर होती: ६ डिसेंबर १८६५ला पुरेशा राज्यांची मंजुरी झाली, १८ डिसेंबरला तशी घोषणा. तुम्ही ६ किंवा १८ यांपैकी काहीही घ्या, पण दोन्ही ओळींत एकच घ्या.

१९७६ म्हणजे केंटकीने त्या दुरुस्तीला उशिरा दिलेली मंजुरी. डेलावेअरची १९०१. १८६५च्या फेब्रुवारीत दोघांनीही ती फेटाळली होती. या मंजुरीने प्रत्यक्षात काहीही बदललं नाही, तेव्हा ती तळटीपेत टाका.

'सीमावर्ती' नको. आपल्या वाचकाला आधी बेळगाव आठवेल, मग मेक्सिको. 'उत्तर-दक्षिणेच्या सांध्यावरची राज्ये' असं एकदा लिहून पुढे 'सांध्यावरची राज्ये' म्हणा.

पडताळा
अजून एक रकाना घाला, १८६०च्या खानेसुमारीतल्या गुलामांचा. डेलावेअर १,७९८, मेरिलँड ८७,१८९, मिझुरी १,१४,९३१, केंटकी २,२५,४८३. हे आकडे समोर आले की चारही राज्यांना एकाच मापाने मोजायची खोड जाते.

डेलावेअरचा आकडा लहान म्हणूनच लिंकनने मालकांना मोबदला देऊन मुक्तीचा पहिला प्रयत्न तिथे करून पाहिला. मार्च १८६२मधल्या एका पत्रात त्याने अक्षरशः त्रैराशिक मांडलंय. माणशी ४०० डॉलर धरले तर डेलावेअरचे सगळे गुलाम युद्धाच्या अर्ध्या दिवसाच्या खर्चापेक्षा कमी रकमेत सुटतात. चारही राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन मिळून ४,३२,६२२ माणसं, म्हणजे १७,३०,४८,८०० डॉलर. युद्धाचा खर्च रोजचा २० लाख धरला तर जेमतेम ८७ दिवसांचा. हिशेब चोख होता, पण घ्यायला कुणी तयार नव्हतं. जुलै १८६२मध्ये या राज्यांच्या बहुतेक खासदारांनी नकार कळवला. मोबदला प्रत्यक्षात मिळाला तो फक्त वॉशिंग्टन शहरात, १६ एप्रिल १८६२च्या कायद्याने, तोही सरासरी ३०० डॉलरच्या मर्यादेत.

मेरिलँडपुढे नुसती तारीख लिहून भागणार नाही, गुलामगिरी बंद करणाऱ्या त्या नव्या घटनेवरची मतंही द्या: बाजूने ३०,१७४, विरोधात २९,७९९. फरक ३७५चा. राज्यात झालेल्या मतदानात घटना पडलीच होती (२७,५४१ विरुद्ध २९,५३६). छावण्यांतल्या सैनिकांची मतं आली, २,६३३ विरुद्ध २६३, तेव्हा पारडं फिरलं. 'मेरिलँडच्या जनतेने गुलामगिरी नाकारली' हे वाक्य मसुद्यात असेल तर काढा.

दप्तरदार
पाचवी ओळ राहिली: वेस्ट व्हर्जिनिया. व्हर्जिनियातून फुटून २० जून १८६३ला राज्य झालं. प्रवेशाची अट क्रमाक्रमाने मुक्तीची: ४ जुलै १८६३नंतर जन्मलेली मुलं मुक्त, त्या दिवशी १० वर्षांखालची २१व्या वर्षी, १० ते २१ मधली २५व्या वर्षी. २१च्या वरच्यांना काहीच नाही. पूर्ण बंदी ३ फेब्रुवारी १८६५. जाहीरनाम्यातून हे अख्खं राज्य वगळलेलं होतं.

पडताळा
अख्खं नाही. जाहीरनाम्यात वेस्ट व्हर्जिनियाच्या ४८ कौंट्या (जिल्हे) वगळल्या आहेत आणि बर्कली कौंटीही वेगळं नाव घेऊन वगळली आहे. जेफरसन कौंटी कुठेच नाही, म्हणजे तिला जाहीरनामा लागू होता.

दप्तरदार
बरोबर, दुरुस्ती मान्य.

तक्तेवाला
म्हणजे केंटकीपुढे डिसेंबर १८६५ लिहिलं की झालं ना?

ओळंबा
तारीख म्हणून हो. पण तेवढंच लिहिलंत तर तोवर सगळे गुलाम होते असं वाटेल. १८६४पासून केंटकीतले गुलाम संघराज्याच्या फौजेत भरती होऊ लागले आणि भरती झालेला माणूस मुक्त होई. असे सुमारे २४,००० कृष्णवर्णीय सैनिक त्या राज्यातून गेले. त्यांच्या बायकामुलांवर मात्र मालकाचा हक्क कायम. लेक्सिंग्टनच्या दक्षिणेला कॅम्प नेल्सन नावाचा तळ होता. तिथे आसऱ्याला आलेल्या अशा सुमारे ४०० जणांना फौजेनेच नोव्हेंबर १८६४च्या कडाक्याच्या थंडीत हाकलून झोपड्या पाडल्या. त्यातले शंभरावर मेले.

त्यावर ओरड झाली आणि ३ मार्च १८६५ला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ठराव करून सैनिकांच्या बायकामुलांना मुक्त केलं. अडचण अशी की गुलामांचं लग्न राज्याचा कायदा मानतच नव्हता, मग बायको ठरवायची कशी? त्या ठरावातच लिहिलं की दोघं एकत्र नांदत होते एवढा पुरावा पुरे.

म्हणून रकान्याचं नाव 'कधी संपली' ऐवजी 'कशाने आणि कधी संपली' ठेवा. केंटकीच्या ओळीत तीन नोंदी करा: १८६४ भरती, ३ मार्च १८६५ कुटुंबं, ६ डिसेंबर १८६५ बाकीचे सगळे.