मदत हवी आहे: जावात मुरलेल्या टीमला ग्रूव्ही कशी शिकवावी?

नमस्कार मंडळी. पणजीत पाटोला आमची छोटी टीम आहे, सगळे पक्के जावावाले. त्यांना जेव्हीएमवरच्या (जावाचे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती व्हर्च्युअल मशीन) डायनॅमिक भाषांची, म्हणजे टाइपची तपासणी बहुतेक रन करताना करणाऱ्या भाषांची, ओळख करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. जायथन (जेव्हीएमवरचं पायथन) पायथन 2.7 वरच अडकलंय, नॅशहॉर्न हे जावास्क्रिप्ट इंजिन तर जेडीके 15 मधून (जावाच्या डेव्हलपमेंट किटमधून) काढूनच टाकलं. माझ्या यादीत उरल्या ग्रूव्ही आणि जेरुबी (जेव्हीएमवरची रुबी). माझा कल ग्रूव्हीकडे: जावाचा बराचसा कोड तसाच चालतो आणि सुरुवात स्पॉक या ग्रूव्हीच्या टेस्टिंग फ्रेमवर्कमधल्या टेस्टपासून करता येते. (प्रॉडक्शन कोडला मॅनेजर हात लावू देणार नाहीत, ते एका अर्थी बरंच.)

गाडी अडते ती इथे. ग्रूव्हीत == लिहिलं की जावासारखा ऑब्जेक्टचा रेफरन्स (दोन्ही एकच ऑब्जेक्ट आहे का) नाही, व्हॅल्यू ताडली जाते. मेथडच्या नावात एक अक्षर चुकलं तरी कंपाइल गुपचूप होतं, बोंब रन करताना. आमचे सीनियर लगेच विचारतात, "मग कंपायलर हवा कशाला?"

@कंपाइलस्टॅटिक (अशा चुका कंपाइल करतानाच पकडायला लावणारं अॅनोटेशन) पहिल्याच दिवशी दाखवावं, की आधी क्लोजर (व्हॅल्यूसारखे इकडून तिकडे देता येणारे कोडचे तुकडे) आणि मेटाप्रोग्रामिंगची (रन करताना क्लासचं वागणं बदलण्याची) चव घेऊ द्यावी? जावा 7 मधलं इन्व्होकडायनॅमिक (कोणती मेथड बोलवायची ते रन करताना ठरवू देणारी जेव्हीएमची सूचना) कितपत खोलात न्यावं? वेर्णा, पर्वरी, मडगाव भागात कुणी असं सेशन घेतलं असेल तर जरूर सांगा. शनिवारी चहाला भेटायचीही तयारी आहे.