मदत हवी आहे: एक्सेलमध्ये दोन तारखांमधले दिवस चुकतायत (बोटीचा हिशोब)

हर्णै_हिशोब:
बोटीच्या फेऱ्यांची शीट आहे. बी कॉलममध्ये निघाल्याची तारीख, सी मध्ये परतल्याची, डी मध्ये =सी२-बी२. ५ ऑगस्टला निघून ९ ऑगस्टला आलेल्या फेरीचे दिवस १२३ दाखवतंय! २२/०८/२०२४ सारखी तारीख असली की थेट #व्हॅल्यू! येतं. शिवाय खलाशांचे दिवस मोजताना मासेमारीची पावसाळी बंदी वजा करायची आहे. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. पण वजाबाकी केली की ६० येतात.

खाडीकाठ:
१२३ वरूनच रोग कळतो. कॉम्प्युटरची रीजन सेटिंग अमेरिकेची आहे, त्यामुळे तो आधी महिना वाचतो. ०५/०८ म्हणजे त्याच्या लेखी ८ मे आणि ०९/०८ म्हणजे ८ सप्टेंबर. त्यांत बरोबर १२३ दिवस. २२ वा महिना नसतो, म्हणून २२/०८ ला तो तारीख न मानता साधा मजकूर म्हणून ठेवतो आणि वजाबाकी अडते. #व्हॅल्यू! आलेल्या ओळी निदान ओरडतात तरी. १२ तारखेपर्यंतच्या ओळी गुपचूप चुकतात, खरी भीती त्यांची.

आधी विंडोजच्या रीजनमध्ये इंग्लिश (इंडिया) करा. गूगल शीट्स असेल तर फाइल, सेटिंग्ज, लोकेल, इंडिया. याने पुढच्या नोंदी सुधारतील, जुन्या नाहीत. जुन्यांसाठी मोकळ्या कॉलममध्ये:

=इफ(इजनंबर(बी२),डेट(इयर(बी२),डे(बी२),मंथ(बी२)),डेट(राइट(बी२,४),मिड(बी२,४,२),लेफ्ट(बी२,२)))

(नावं इथे देवनागरीत दिलीत. शीटमध्ये सूत्र रोमन अक्षरांतच टाइप करा.)

तारीख म्हणून वाचलेल्या ओळीत दिवस-महिना उलटतो, मजकुरातून तुकडे काढून तारीख बनते. मजकूर मात्र २२/०८/२०२४ असा नेमका दहा अक्षरांचा हवा. २२/८/२४ असेल तर मिड चुकीचा तुकडा उचलेल. बी आणि सी दोन्ही कॉलम असे करून घ्या, मग कॉपी, पेस्ट स्पेशल, व्हॅल्यूज. हे एकदाच करायचं, दुसऱ्यांदा चालवलंत तर सुधारलेल्या तारखा परत उलटतील. आणि काही ओळी दुसऱ्या कॉम्प्युटरवर बरोबर भरलेल्या असतील तर त्या सूत्राला ओळखता येणार नाहीत, वहीशीच पडताळाव्या लागतील.

माडबन:
६० आणि ६१ चं: वजाबाकीत पहिला दिवस मोजला जात नाही. दोन्ही टोकं धरायची तर +१. खलाशाच्या रोजच्या भत्त्याला +१ हवा, कारण निघाल्याचा दिवसही त्याचा. उचलीवर व्याज लावत असाल तर नको.

बंदीसाठी एच१ मध्ये ०१-०६-२०२४, एच२ मध्ये ३१-०७-२०२४ लिहा. बंदीत सापडलेले दिवस:

=मॅक्स(०,मिन(सी२,$एच$२)-मॅक्स(बी२,$एच$१)+१)

१० मे ते २० ऑगस्ट धरून एकूण १०३ दिवस, त्यातले बंदीचे ६१, उरले ४२. पडताळा: मे चे २२ आणि ऑगस्टचे २०. मॅक्स(०, …) गाळू नका, नाहीतर बंदीशी संबंध नसलेल्या ओळीत उणे आकडा येऊन खलाशाचे दिवस उलट वाढतील. एका ओळीत दोन वर्षांचे पावसाळे येत असतील तर दुसऱ्या वर्षाच्या तारखांनी हेच सूत्र पुन्हा लिहून दोन्हींची बेरीज वजा करा.

हर्णै_हिशोब:
१२३ चे ४ झाले, बंदीही बसली. आभार! आता एक खलाशी ३१ जानेवारी २०२३ ला चढला आणि १ मार्चला उतरला. महिने-दिवस काढायला डेटडिफ वापरलं, "एम" (पूर्ण महिने) ने १ आलं पण "एमडी" (उरलेले दिवस) ने −२. दिवस उणे कसे?

खाडीकाठ:
"एमडी" चा हा जुना दोष आहे, मायक्रोसॉफ्टच्या मदतपानावरही ते वापरू नका असंच म्हटलंय. तो ३१ फेब्रुवारी धरायला जातो, ती सरकते ३ मार्चवर, आणि तिथून १ मार्च म्हणजे −२. उरलेले दिवस असे काढा:

=सी२-ईडेट(बी२,डेटडिफ(बी२,सी२,"एम"))

ईडेट तेवढे महिने पुढे जातं, पण महिन्याच्या शेवटच्या दिवसावर, २८ फेब्रुवारीला थांबतं. उत्तर १ महिना १ दिवस. सेलमध्ये १ ऐवजी ०१-०१-१९०० दिसलं तर फॉरमॅट जनरल करा. डेटडिफच्या शेवटी एफ एकच, आणि एक्सेल हे नाव टाइप करताना सुचवत नाही, पूर्ण लिहावं लागतं. सुरुवातीची तारीख नंतरची असेल तर #नम! येईल.

हर्णै_हिशोब:
शेवटचं. २२ मे दुपारी २:३० ला निघून २५ मे पहाटे ४:१५ ला परत, तर १३:४५ तास दाखवतंय.

माडबन:
वजाबाकी बरोबर आहे, फॉरमॅट पूर्ण दिवस गिळतोय. कस्टम फॉरमॅटमध्ये तासाचं अक्षर चौकटी कंसात घाला, म्हणजे [एच]:एमएम. मग ६१:४५ दिसेल. डिझेलच्या गुणाकाराला हा सेल थेट लावू नका, आत किंमत दिवसांतच असते. आधी ×२४ करा, म्हणजे ६१.७५. तासाला १२ लिटर धरले तर ७४१ लिटर. २४ विसरलात तर ३०.८७५ येईल. अर्थात जाळं टाकून बोट थांबते तेव्हा इंजिन तेवढं पीत नाही. डिझेलला इंजिनच्या तास-मीटरचा आकडा घ्या, हे तास भत्त्यापुरते ठेवा.