निकाल लागला, आता जून : शाळेच्या माणसांचे अनुभव

1 मेचे ध्वजवंदन आटोपले, प्रगतिपुस्तके हातात पडली आणि मुले घराकडे पळाली. मागे राहिलेल्या आम्हा मोठ्यांच्या डोळ्यांपुढे मात्र जून आहे. तुमच्या जिल्हा परिषद शाळेत पुढच्या वर्षाचा कोणता विचार चालू आहे, हे शिक्षक, पालक, अंगणवाडीताई, स्वयंपाक करणाऱ्या ताई अशा सर्वांनी लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

मुख्याध्यापिका, माण तालुका

आमची शाळा पहिली ते चौथीची, दोन शिक्षकी. चौथीतून सात मुले बाहेर पडली आणि पहिलीसाठी दाखलपात्र मुले अवघी चार आहेत. शिक्षण हक्क कायद्याने 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात, त्यामुळे तूर्त पदांची चिंता नाही; पण दुसरीत एकच मुलगी उरली, तर तिने वाचून दाखवायचे कोणाला आणि तिचे चुकलेले दुरुस्त करायचे कोणी, हा प्रश्न मला झोपू देत नाही. म्हणून जूनपासून पहिली-दुसरीला एकत्र बसवून जोड्या लावायच्या, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे.

पालक, शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य

माझी मुलगी चौथी उत्तीर्ण झाली. पाचवीचा वर्ग शेजारच्या गावात, तीन किलोमीटरवर आहे आणि वाटेतला ओढा पावसाळ्यात भरून वाहतो. कायद्यात प्राथमिक शिक्षण पाचवीपर्यंतचे आणि ती शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे असताना आमच्या गावच्या मुली दहाव्या वर्षी ओढा का ओलांडतात, हे मी समितीच्या बैठकीत विचारले. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. तरी बोलताना माझा आवाज कापत होता. पाचवीचा वर्ग जोडण्याचा ठराव झाला. तो अर्ज पुढे सरकेपर्यंत माझी मुलगी चालत जाईल, आणि पाऊस असेल त्या दिवशी मी तिच्याबरोबर जाईन.

शिक्षक, बीड जिल्हा

आमच्याकडे सत्राचा शेवट म्हणजे मुले परत येण्याचा काळ. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर गावी येतात. जी मुले आजी-आजोबांजवळ राहून हंगामी वसतिगृहात, म्हणजे स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठीच्या जेवणाच्या सोयीत, जेवली, त्यांचे वाचन टिकले. जी ऊसतोडीच्या फडावर गेली, ती येताना उसाच्या मोळ्या मोजायला शिकून आली, पण जोडाक्षरांपाशी अडखळू लागली. यंदा तिसरीतला एक मुलगा निकालाच्या दिवशी मला म्हणाला, "गुरुजी, मी पास झालो, पण मला वाचता येत नाही." त्याचे प्रगतिपुस्तक माझ्याच सहीचे होते. सुट्टीत रोज सकाळी एक तास देवळाच्या ओट्यावर अशा नऊ मुलांना घेऊन मी बसतो आहे. त्यांच्या पालकांनी पुढच्या हंगामाची उचल (आगाऊ पैसे) घेण्याआधीच त्यांच्याशी बोलून मुलांना गावात ठेवण्याची सोय लावणे, हे माझे जूनमधले पहिले काम राहील.

पोषण आहाराचा स्वयंपाक करणारी ताई

एका मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ धरून मी पातेले चढवते. शेवटच्या दिवशी भांडी घासून पालथी घातली, तेव्हा सुट्टीतही दुपारी कोणाची पोरे उपाशी राहतील, ते मला नावानिशी ठाऊक होते. त्यांतल्या दोघींना मी माझ्याच घरी जेवायला बोलावते.

अंगणवाडी सेविका

शाळापूर्व तयारी मेळाव्यात माझ्याकडची पाच मुले पहिलीच्या वर्गात प्रथमच गेली. चौघांनी रंग ओळखले, मणी मोजले. पाचवा दारातच माझा पदर धरून उभा राहिला. शाळेतल्या बाईंनी त्याला आत ओढले नाही, त्या स्वतः उंबऱ्यावर येऊन त्याच्याशेजारी बसल्या. आता तो रोज विचारतो, "त्या बाई कधी येणार?" मी त्याला दारावरचे तोरण दाखवते आणि सांगते, ही पाने वाळली आणि पाऊस आला, की.