'आम्ही' की 'आपण'? नोटिशीत नेमकं काय लिहावं?

ऐरोलीकर

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात पॅन्ट्रीच्या दारावर एक कागद लागला. वर इंग्रजी मजकूर, खाली मराठी : 'आम्ही सोमवारपासून सहाव्या मजल्यावर जात आहोत.' चहा देणाऱ्या मावशींनी तो दोनदा वाचला आणि मला विचारलं, "तुम्ही वर चाललात. मग आम्ही कुठं जायचं?"

मावशी कंत्राटी आहेत. त्यांना खरंच वाटलं, काम गेलं.

कागद लिहिणारी मुलगी लखनौची. नवी आहे, हौसेनं मराठी शिकतेय. तिच्या डोक्यात 'हम' होता, त्याचं तिनं 'आम्ही' केलं. तिचं काय चुकलं? 'हम'मध्ये ऐकणारा धरलाय की वगळलाय, हे कळायची सोयच नाही. इंग्रजीतही तेच. मराठीत मात्र पहिल्याच शब्दाला ठरवावं लागतं : वाचणारा आपल्यात की बाहेर. आम्ही 'आम्ही'वर काट मारून 'आपण' लिहिलं आणि मावशी हसल्या. "असं सांगा की मग."

प्रश्न दोन. एक, या भेदाला व्याकरणात काही नाव आहे का? दुसरा घरचा. सोसायटीत मी नवा, पण 'तुमचं मराठी चांगलं आहे' म्हणून पार्किंगची नोटीस माझ्या गळ्यात पडलीय. आधीच्या सेक्रेटरींचा मसुदा असा : 'आपण आपली वाहने आपल्या जागेतच लावावीत.' यातली कोणती जागा कोणाची, ते मला कळेना.

जुनं फडताळ

नाव आहे. 'आपण' समावेशक, म्हणजे ऐकणाऱ्याला धरणारा; 'आम्ही' व्यावर्तक, म्हणजे त्याला वगळणारा. 'आम्ही' संस्कृत 'अस्मद्'च्या घराण्यातला, प्राकृतात 'अम्हे'. हिंदीतला 'हम'ही त्याच घरचा. 'आपण' निघाला 'आत्मन्'पासून, प्राकृत 'अप्पण'मार्गे. म्हणजे मुळात अर्थ 'स्वतः'. 'तो आपण होऊन आला' यात तो जुना अर्थ अजून टिकून आहे.

गुजरातीतही 'अमे' आणि 'आपणे' असा भेद आहे. दक्षिणेत तमिळमध्ये 'नाम' आणि 'नांगळ', तेलुगूत 'मनम' आणि 'मेमु'. द्राविड भाषांच्या शेजारामुळे तो आपल्याकडे रुजला असं बरेच अभ्यासक मानतात. गंमत म्हणजे अगदी लागून असलेल्या कन्नडात आज 'नावु' एकच उरलाय. तुमच्या ऑफिसात कोणी चेन्नईचा असेल तर त्याला हा कागद दाखवा. मराठी येत नसलं तरी भानगड काय आहे ते तो लगेच ओळखेल.

आता पार्किंग. 'आपण'ची तिसरी नोकरी म्हणजे आदरार्थी 'तुम्ही'. क्रियापद पूर्ण असलं की घोळ होत नाही : 'आपण आलो' म्हणजे सगळे, 'आपण आलात' म्हणजे समोरचे. पण 'लावावीत'चं वळण वाहनांवर गेलंय, त्यामुळे कर्ता कोण याचा पत्ताच लागत नाही. सरकारी पत्रातलं 'आपणांस कळविण्यात येते की' इथं चालतं, कारण पाठवणारा वर आणि घेणारा खाली हे आधीच ठरलेलं असतं. सोसायटीत तसं नसतं. निदान नसावं.

गावठाण

मी घणसोलीचा, गावातला. तुम्ही सगळे 'आम्ही'ला वाईट ठरवून मोकळे झालात, म्हणून लिहितोय.

1970 साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आलं आणि ठाणे-रायगडातल्या 95 गावांची जमीन शहरासाठी घ्यायचं ठरलं. त्यात आमची भातशेती गेली, मिठागरं गेली. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, 5 जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के आले, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढी विकसित जमीन परत द्यायची योजना. अर्जात आमचं नाव काय? 'प्रकल्पग्रस्त'. हा शब्द आम्ही नाही काढला. आम्ही आपापसात 'आमी' म्हणतो, 'आमचे गावान' म्हणतो. समोरचा सेक्टरातून येतो आणि पहिल्याच सभेत 'आपलं शहर' म्हणतो. त्याचा हेतू चांगला असतो, मान्य. पण त्या 'आपलं'मध्ये आम्हाला धरताना आम्हाला कोणी विचारलेलं नसतं. कधी कधी 'आम्ही' म्हणजे दार लावणं नसतं, सातबाऱ्यावरचं नाव असतं.

ऐरोलीकर

हे डोक्यातच आलं नव्हतं. मी स्वतः इथं येऊन तीन वर्षं झाली आणि 'आपली नवी मुंबई' सर्रास म्हणतो. धन्यवाद.

तलावपाळी

ठाण्याहून. आमच्या साहेबांचा 'आपण' कोणी चर्चेला घेतला नाही, म्हणून घेतो. "आपण हे आज संपवून टाकू या." संपवणारा मी, साहेब सहाच्या लोकलला. "आपण जरा चुकलोच यात." चुकलेला पुन्हा मी. आणि बढतीची यादी लागली की, "आम्ही खूप विचार करून ठरवलंय." कामाच्या वेळी 'आपण', निकालाच्या वेळी 'आम्ही'. नव्या माणसानं नोकरीतले पहिले आठवडे फक्त हे मोजावं. कुठं किती पगाराची माणसं आत आहेत ते कळतं.

जाता जाता : वर 'आपणांस'वर अनुस्वार दिलाय तो बरोबर आहे. 1962 च्या शुद्धलेखन नियमांत अनेकवचनी सामान्यरूपाला अनुस्वार द्यायला सांगितलंय, आदरार्थीही. तेवढ्यापुरता तरी आदर दिसतो.

एपीएमसी

आणि 'आपुन'? आमच्याकडे मार्केटात 'आपुन बोलतो तेच फायनल' म्हणजे एकटा मी.

जुनं फडताळ

तो मुंबईचा खास. वर सांगितलेल्या 'स्वतः'पाशी परत गेला म्हणायचा, फेरी पूर्ण. बाकी नामं बघा : 'आपलेपणा' आहे, 'आपपरभाव' आहे. 'आम्हीपणा' मात्र कोणी म्हणत नाही. 'गावठाण' यांच्या मुद्द्यानंतर वाटतं, असायला हरकत नव्हती.

ऐरोलीकर, नोटिशीसाठी 'आपापला' वापरा. द्विरुक्तीमुळे प्रत्येकाचं वेगळं होतं.

ऐरोलीकर

वापरला. 'सर्व सभासदांनी आपापली वाहने आपापल्या जागेत लावावीत.' काल सकाळी लिफ्टजवळ लावली. संध्याकाळी खाली कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय : 'आणि भाडेकरूंनी?'

अक्षर माझ्या वरच्या मजल्यावरचं वाटतं. आज 'सभासदांनी' खोडून 'रहिवाशांनी' करायला जातोय.