मदत हवी आहे: कटिंगची रेष वेगळ्या लेयरवर ठेवूनही छपाईत पांढरी फट दिसते

नमस्कार मंडळी,

इनडिझाइनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) खोक्याच्या वेष्टनाचं टेम्प्लेट करतेय. लेयर (एकावर एक ठेवलेले थर) ३ आहेत: तळाला रंग आणि फोटो, त्यावर मजकूर, सगळ्यात वर कटिंगची रेष, म्हणजे खोकं कुठे कापायचं आणि दुमडायचं ते दाखवणारी. रेषेला स्पॉट कलर (नेहमीच्या चार शाईंपेक्षा वेगळा, स्वतंत्र रंग) दिलाय आणि तो लेयर लॉक केलाय.

त्या लेयरची 'प्रिंट लेयर' खूण काढली, तर रेष पीडीएफमधून गायब होते आणि छापखान्याकडून फोन येतो, "डाय (कटिंगची रेष) कुठंय?" खूण ठेवली तर रेष पीडीएफमध्ये येते, पण तिच्याखालचा निळा रंग छपाईतून वगळला जातो. मागच्या वेळी घडीवर केसाएवढी पांढरी फट आली. तो गठ्ठा हातात घेतला तेव्हा फार वाईट वाटलं.

आता रेष निवडून ॲट्रिब्यूट्स पॅनेलमध्ये 'ओव्हरप्रिंट स्ट्रोक' लावलंय, म्हणजे रेष खालचा रंग न वगळता त्यावरच छापली जाते. सेपरेशन्स प्रिव्ह्यूमध्ये (प्रत्येक शाई वेगळी दाखवणाऱ्या पॅनेलमध्ये) रेषेखाली निळा सलग दिसतो. एवढं पुरे आहे, की रेष दुसऱ्या पीडीएफमध्येच देणं जास्त सुरक्षित? मला दुसरं पटतं, पण मग दोन्ही फाइल तंतोतंत जुळवायच्या कशा?

अजून एक. दुसऱ्या फाइलमधून मजकूर पेस्ट केला की तिकडचे लेयरही सोबत येतात. लेयर पॅनेलच्या मेनूतलं 'पेस्ट रिमेंबर्स लेयर्स' बंद केल्यावर ते थांबलं, पण आता सगळं निवडलेल्या लेयरवरच पडतं आणि मजकूर फोटोंमध्ये मिसळतो. रोज टेम्प्लेट वापरणारे तुम्ही हे चालू ठेवता की बंद?